आधी कार्ड काढा : पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी सदस्य,
पुण्यातील सर्व ज्येष्ठ नागरिक संघ

विषय : सभासदांच्या ग्रुपवर फिरणारे खोटे मेसेज आणि त्यावरचे आपले उपाय

सप्रेम नमस्कार.

मी कोथरूडच्या एका संघाची सभासद. वय ७४. एका राष्ट्रीयीकृत बँकेत ३६ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी सह्या पडताळण्यात गेली. माझ्या संघाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. सहकारनगर, बाणेर, हडपसर, सगळीकडे मैत्रिणी आहेत आणि सगळीकडून हेच ऐकते, तेव्हा एकाच कार्यकारिणीला का बोल लावायचा?

गेल्या वर्षी आमच्याकडे 'सायबर जागृती'वर व्याख्यान झालं. वक्ता तरुण, हुशार, मुलाच्या वयाचा. पडद्यावर काळी टोपी ओढलेल्या माणसाचं चित्र आणि तासभर एकच सूर : कुठल्याही लिंकला हात लावू नका, अनोळखी मेसेज उघडू नका, कुणावर विश्वास ठेवू नका. मग चहा आणि उपमा. उपमा चांगला होता.

त्या व्याख्यानाचा परिणाम नोव्हेंबरमध्ये दिसला. आमच्यातल्या एका गृहस्थांना हयातीच्या दाखल्याबद्दल बँकेचा मेसेज आला. खराच होता. पेन्शनरांना दरवर्षी नोव्हेंबरात दाखला द्यावा लागतो, आणि २०१४ पासून 'जीवन प्रमाण' या ऑनलाइन सोयीमुळे तो घरबसल्याही देता येतो. यांनी तो फसवणुकीचा समजून पुसून टाकला. दुसरा आला, तोही पुसला. डिसेंबरअखेर पेन्शन जमा झालं नाही तेव्हा काठी टेकत बँकेत गेले. मला म्हणाले, "कुणावर विश्वास ठेवू नका म्हणाला होता ना तो!" आता या माणसाला भोळा म्हणायचं की सावध?

दुसरा उपाय त्याहून कडक निघाला. ग्रुपवर कुणीतरी कसलासा भडक व्हिडिओ टाकला, वादावादी झाली आणि कार्यवाहांनी कुलूप लावलं. फक्त ॲडमिननेच लिहायचं. सुप्रभात बंद, गुलाबाची फुलं बंद. तरुणांना या फुलांचं हसू येतं, येऊ दे. पण आमच्या ग्रुपवर ती हजेरी होती. एकट्या राहणाऱ्या एक बाई रोज पावणेसातला फूल टाकायच्या. नऊपर्यंत फूल आलं नाही की कुणीतरी फोन करायचंच. कुलूप लागल्यावर त्या बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि आम्हाला बाराव्या दिवशी कळलं. तेही औषधांच्या दुकानात. दरम्यान तो भडक व्हिडिओ दुसऱ्या ग्रुपवर सुखरूप पोचला होता. त्या ग्रुपचं नाव 'निवांत गप्पा', आणि तिथे ॲडमिन कोण हे कुणालाच माहीत नाही.

म्हणजे घाबरवून झालं, तोंड बांधून झालं. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे : म्हातारी माणसं, यांना काही कळत नाही.

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. आठवतोय ना? गणपती दूध प्यायला तो दिवस. मी काउंटरवर होते. अकराच्या सुमारास पहिला फोन दिल्लीहून आला, मग कुणाच्या तरी बहिणीचा, मग हॉलमधली गर्दीच ओसरली. आमचा शिपाई, दोन क्लार्क आणि एक अधिकारी पेठेतल्या देवळापुढच्या रांगेत जाऊन आले. अधिकारी एम. एस्सी. होते, चमचा हातात धरून स्वतः बघून आले होते. शास्त्रज्ञांनी लगेच सांगितलं की हा पृष्ठताणाचा खेळ आहे : चमचा दगडाला टेकला की दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरतं. त्या दिवशी ऐकायला कोण बसलंय! तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, मोबाइल नव्हते, आणि आम्ही सगळे चाळिशीत होतो. आमच्या वयाला कुणी बोल लावला नाही.

आता आमच्यावरच्या आरोपाचंही बघू. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन आणि न्यूयॉर्क विद्यापीठांतल्या संशोधकांचा २०१९ चा एक अभ्यास भाषणांत फार वापरला जातो. २०१६ च्या निवडणुकीच्या वेळी ६५ वर्षांवरच्या लोकांनी फेसबुकवर खोट्या बातम्यांच्या लिंक सगळ्यांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट पुढे पाठवल्या, असं त्यात आहे. खरं आहे. पण त्याच अभ्यासात असंही आहे की ६५ वरच्यांपैकी अशी एक तरी लिंक पाठवणारे फक्त ११ टक्के होते. भाषणात सातपट येतं, ११ टक्के येत नाहीत. कुलूप लागण्याआधी आमच्या ग्रुपवर शंभर-सव्वाशे मेसेज येत असतील, पण बारकाईने बघितलं तर पाठवणारे तेच सहाजण. (त्यातल्या एक कार्यकारिणीवर आहेत. नाव सांगत नाही.)

आता माझा अनुभव. २०२३ च्या जुलैमध्ये मेसेज आला : ज्या नोटेच्या नंबरात चांदणीची खूण आहे ती नोट खोटी, घेऊ नका. मी खोखो हसले. छपाईत एखादी नोट खराब निघाली की शंभराच्या गड्डीत तिच्या जागी दुसरी घालतात आणि बदली नोट ओळखू यावी म्हणून नंबरात चांदणी छापतात. २००६ पासूनची पद्धत. मी दोन ओळींत लिहिलं, नंतर रिझर्व्ह बँकेनेही खुलासा केला आणि विषय मिटला. २०१६ च्या नोव्हेंबरात दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, ती जमिनीखाली १२० मीटरवरूनही पत्ता सांगते, हे टीव्हीवरसुद्धा चाललं, तेव्हाही मी ठाम होते. नोटेच्या बाबतीत मला कुणी फसवून दाखवावं.

आणि मीच, चांदणीवर हसणारी मी, 'एकटे असताना छातीत दुखलं तर जोरजोरात खोका, जीव वाचेल' हा मेसेज चौदा जणांना पाठवला होता. खाली डॉक्टरचं नाव होतं, हॉस्पिटलचं नाव होतं, 'दहा जणांना पाठवा, एक प्राण वाचेल' असं होतं. माझ्या वन्सं निगडीला एकट्या राहतात. एका पहाटे त्यांच्या छातीत दुखायला लागलं. त्या पलंगावर बसून खोकत राहिल्या. बऱ्याच वेळाने मला फोन केला. १०८ ला नाही, मला; कारण मेसेज मी पाठवला होता. वाचल्या, स्टेंट पडली. डॉक्टर एवढंच म्हणाले, लवकर यायला हवं होतं. वन्संनी आजतागायत मला एका शब्दाने विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही. त्या चौदा जणांनासुद्धा नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्यात कणभर खरं आहे. कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, मॉनिटर लावलेला असताना, डॉक्टर शेजारी उभे असताना, ठोके अचानक बिघडले तर रुग्णाला काही क्षण खोकायला सांगतात. तेवढं कणभर खरं उचलून कुणीतरी निगडीच्या पलंगावर आणून ठेवलं. आमच्या वाट्याला निव्वळ थापा कमीच येतात. येतं ते असं अर्धं खरं, आणि ते ओळखायला त्या कामात आयुष्य घातलेला माणूस लागतो.

नोटेला न फसणारी मी खोकल्याला फसले. माझं डोकं तेच, वयही तेच. एक माझा विषय होता, दुसरा नव्हता.

म्हणून मला सांगायचं आहे ते एवढंच : आपल्या प्रत्येक संघात तपासनीस बसलेले आहेत आणि आपण बाहेरून वक्ते बोलावतो आहोत. आमच्याच संघात बघा. वीज मंडळातून निवृत्त झालेले अभियंते आहेत. 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा' हा मेसेज तीन जणांना आला, तिघेही घाबरले. यांनी कॅरम खेळता खेळता सांगितलं की वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे बिल थकलं तरी तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रात्री साडेनऊला वीज तोडायला येतंय कोण? एका वाक्यात भीती गेली. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले आहेत. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक कुठल्याही कायद्यात नाही हे त्यांच्या खर्जातल्या आवाजात ऐकलं की कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त पटतं. शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. पु. ल. देशपांड्यांच्या नावावर फिरणारा, मोबाइलवर टीका करणारा कुठलासा उतारा आला तेव्हा त्यांनी विचारलं, पु. ल. गेले १२ जून २०००ला, यात ते व्हॉट्सॲपची थट्टा कशी करताहेत? ग्रुपवर शांतता. आपण पुणेकर शुद्धलेखनाची चूक सोडत नाही, पण खाली ओळखीचं नाव दिसलं की मान डोलावतो.

आणि महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात आयुष्य काढलेले एक गृहस्थ आहेत. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसचे (गुलियन-बारी सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा आमच्या ग्रुपवर कोंबडीने हाहाकार माजवला. चिकन खाऊ नका, पनीर खाऊ नका, रुग्णाच्या जवळ जाऊ नका. एका बाईंच्या धायरीच्या जावेने मोलकरणीला यायला बंदी केली, तिच्या वस्तीत एक रुग्ण निघाला म्हणून. हा आजार असा माणसाकडून माणसाला लागत नाही. बोट पाण्याकडे होतं. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला होता. तो कच्च्या कोंबडीतही असतो, म्हणून त्या मेसेजातही कणभर खरं होतंच. पण नीट शिजवलं की तो मरतो. आमच्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी एक ओळ लिहिली होती : "पाणी उकळून प्या, विहिरीचं आणि टँकरचं तर नक्कीच." ती ओळ चौदा सुप्रभातांखाली गाडली गेली. मी मोजले.

त्यांना टेबल नव्हतं, म्हणजे मेसेज समोरासमोर तपासून सांगायची ठरलेली जागा नव्हती, हे त्याचं कारण.

बँकेत आम्हाला पहिल्या आठवड्यात जे शिकवलं ते सांगते. चेकवरची सही खरी आहे का हे चेककडे बघून कधीच कळत नाही. कितीही रोखून बघा, भिंगाखाली धरा. चांगली खोटी सही खऱ्यापेक्षाही सुबक असते. उठायचं, कपाटातून नमुना सहीचं कार्ड काढायचं, शेजारी ठेवायचं. बस. नवी मुलं चेककडे टक लावून बसायची, जुने हेडक्लार्क ओरडायचे, "आधी कार्ड काढा!"

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी हेच प्रयोग करून दाखवलं, हे वाचलं तेव्हा मला हेडक्लार्क आठवले. त्यांनी १० इतिहासाचे पीएच.डी., २५ विद्यार्थी आणि १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या. विद्वान मंडळी ते पान वरपासून खालपर्यंत वाचत बसली, बोधचिन्ह बघत बसली आणि पुष्कळशी फसली. तपासनिसांनी काही क्षणांत ते पान सोडलं आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते दुसरीकडे जाऊन पाहिलं. म्हणजे कार्ड काढलं. ही युक्ती वृद्धांना शिकवता येते, हेही तपासून झालेलं आहे : २०२२ मध्ये छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात ज्येष्ठांनी छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम केला आणि खऱ्या-खोट्या बातम्या अचूक ओळखण्याचं त्यांचं प्रमाण ६४ वरून ८५ टक्क्यांवर गेलं. इतकं सगळं होऊनही आपण काळ्या टोपीवाल्याचं चित्र दाखवतोय.

हां, एक शंका मीच घेते, नाहीतर सभेत कुणीतरी घेईलच. निवृत्त माणसाचं ज्ञानही निवृत्त होतं. माझ्या वेळी चेक पिशवीतून क्लिअरिंगला जायचा, आता त्याचं चित्र जातं. डॉक्टर म्हणून निवृत्त झालेले आमचे एक सभासद स्वतःच काढ्यांचे मेसेज पाठवतात. म्हणून टेबलावर कुणाचाही शब्द नुसता त्याचा शब्द म्हणून चालायचा नाही. अभियंत्यांनी कलम दाखवावं, मी रिझर्व्ह बँकेचं पत्रक दाखवावं. केंद्र सरकारच्या योजनेचा मेसेज असेल तर पीआयबीच्या, म्हणजे सरकारच्याच पत्र सूचना कार्यालयाच्या, फॅक्ट चेकवर बघावं, मात्र सरकारबद्दलची तक्रार सरकारच तपासतंय हे लक्षात ठेवून. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारी तथ्य-तपासणी कक्षाचा नियम रद्द केला तो उगाच नाही. मोठ्या रकमेच्या चेकवर दोघांच्या सह्या लागायच्या. इथेही दोघांच्या लागू द्या.

आता बाणांबद्दल. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या डोक्यावर दोन बाण असले तर तो पाच किंवा अधिक हातांतून फिरून आलेला असतो, आणि तो एका वेळी एकाच व्यक्तीला किंवा एकाच ग्रुपला पुढे पाठवता येतो. आमच्यातल्या एकांनी अभिमानाने युक्ती सांगितली : मजकूर कॉपी करायचा, नव्याने चिकटवायचा, बाण जातात, मग हवा तितक्यांना पाठवा. टाळ्या पडल्या. त्यांना वाईट हेतू नव्हता, पण मी ऐकून गार पडले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची भिक्षा मागणारी नाथपंथी डवरी गोसावी माणसं होती. त्या साली देशात असे बळी एकामागून एक पडत गेले, तेव्हा त्याच महिन्यात फॉरवर्डचा शिक्का आला आणि कुठलाही मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवायची मर्यादा आली. तो बाण म्हणजे चेकच्या पाठीवरची नोंद आहे. ती खरवडणाऱ्याला बँकेत नोकरीवरून काढलं असतं. संघाने निदान एवढा ठराव करावा की बाण पुसायचे नाहीत.

आणि शेवटचा मुद्दा, जो मला स्वतःला सगळ्यांत जड जातो. लेजरमध्ये चूक झाली तर खाडाखोड चालत नसे. चुकीची नोंद तशीच ठेवायची, तिच्यासमोर उलटी नोंद करायची, खाली इनिशिअल. चूक करणाऱ्याला कुणी हसत नसे, कारण उद्या त्याचीही पाळी असे. लपवणाऱ्याला मात्र माफी नव्हती. आपल्या ग्रुपवर चुकीचा मेसेज गेला की आपण तो गुपचूप पुसतो आणि खाली 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढं थडगं उरतं. ज्यांनी वाचला त्यांच्या डोक्यातून तो पुसला जात नाही. म्हणून ज्याने पाठवला त्यानेच, त्याच ग्रुपवर, तेवढ्याच ठळकपणे उलटी नोंद करावी, आणि बाकीच्यांनी त्यावर हसणारे चेहरे टाकू नयेत. हसणारे चेहरे टाकतात म्हणूनच कुणी करत नाही.

माझी नोंद ही : मी चौदा जणांना पाठवलेला खोकण्याचा मेसेज चुकीचा आहे. खोकून हृदयविकाराचा झटका थांबत नाही. छातीत दुखलं, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, दरदरून घाम सुटला तर खोकत बसू नका, मला फोन करू नका, १०८ ला करा. दार आतून उघडून ठेवा.

हे पत्र त्या चौदांनाही पाठवते आहे. वन्संना आधी वाचून दाखवलं.

तेव्हा विनंती अशी. येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. ग्रुपचं कुलूप काढावं, फुलं येऊ द्यावीत. सभासदांच्या नोंदवहीत नाव, पत्ता, रक्तगट आहेच, त्यात एक रकाना वाढवावा : आयुष्यभर काय काम केलं. 'गृहिणी' लिहिणाऱ्या बायकांना पुढे विचारावं. त्यांतली एक तीस वर्षं रेशनच्या धान्यातली भेसळ पकडत होती. आणि आठवड्यातून एक तास एक टेबल. ज्याला शंका असेल त्याने फोन घेऊन यावं, मेसेज मोठ्याने वाचावा, आपण मिळून कार्ड काढू.

आमच्या विरंगुळा केंद्रात बुधवारी साडेचार ते साडेपाच कॅरमचं टेबल रिकामं असतं, खेळणारे तिघे फिजिओथेरपीला जातात. तेवढा वेळ ते मला मिळावं. त्याचा एक पाय डुगडुगतो, पुठ्ठ्याची घडी मी घेऊन येईन.

आपली,
एक सभासद
कोथरूड, पुणे